ससेक्सच्या खडूच्या टेकड्यांत: बेरविक ते बेरविक

लंडनहून साउथ डाउन्स या खडूच्या टेकड्यांना जायचं म्हटलं की आपली मंडळी सेव्हन सिस्टर्सचे पांढरे कडे गाठतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. कडे सुंदर आहेत, वाद नाही. पण चालायचंच असेल तर त्यांच्या मागच्या दऱ्या-गावांत जा. बेरविक स्टेशनवरून निघून ऑल्फ्रिस्टन, जेव्हिंग्टन, विल्मिंग्टन करत पुन्हा बेरविक अशी साधारण 18 किलोमीटरची फेरी होते. खाणं-पिणं, रेंगाळणं धरून सात तास हाताशी ठेवा.

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून लूइस, तिथे गाडी बदलून बेरविक. तिकीट काढताना ससेक्समधलंच बेरविक निवडा, दुसरं पार स्कॉटलंडच्या सीमेजवळ आहे! स्टेशनकडून दक्षिणेला शेतांतून निघालं की ए 27 हा मोठा रस्ता ओलांडावा लागतो. गाड्या सुसाट असतात, तेव्हा सांभाळून. पुढे बेरविकचं चर्च चुकवू नका. डंकन ग्रँट, व्हनेसा बेल आणि क्वेंटिन बेल या चित्रकारांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याच्या आतल्या भिंती रंगवल्या. येशूच्या चित्रात एक सैनिक, एक नौसैनिक आणि एक वैमानिक गुडघे टेकून बसलेत.

ऑल्फ्रिस्टनमध्ये मात्र वेळ काढाच. हिरवळीच्या कडेला चौदाव्या शतकातलं, गवताने शाकारलेलं क्लर्जी हाउस, म्हणजे पाद्र्याचं घर आहे. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने 1896 मध्ये ते 10 पौंडांना घेतलं, ही त्यांनी विकत घेतलेली पहिली इमारत. दिवाणखान्याची जमीन कुटलेल्या खडूची, वरून आंबट दूध लावून पक्की केलेली. शेणाने सारवलेली जमीन पाहिलेल्यांना हा प्रकार लगेच उमगतो. जेवण इथेच उरका. दुपारी पबचं स्वयंपाकघर बंद होतं, आणि जेव्हिंग्टनला पोचेपर्यंत जेवण मिळण्याची वेळ टळून गेलेली असू शकते.

पांढऱ्या पुलावरून ककमिअर नदी ओलांडली की चढावर लुलिंग्टनचं चिमुकलं चर्च लागतं. मूळ चर्चचा हा फक्त उरलेला तुकडा, जेमतेम वीस माणसं बसतील. तिथून लुलिंग्टन हीथ या झुडपाळ माळावरून जेव्हिंग्टनला उतरायचं. या टेकड्यांमधल्या दऱ्यांत ओढा शोधू नका. खडूत पाणी लगेच मुरतं. हिमयुगात जमीन गोठलेली होती तेव्हा वितळत्या बर्फाचं पाणी वरूनच वाहिलं, त्याने या दऱ्या कोरल्या आणि नंतर त्या कोरड्या पडल्या. मेंढ्यांसाठी म्हणून माथ्यावर चिकणमातीचं अस्तर देऊन तळी केलेली असत. तुम्हाला मात्र त्यांचा काही उपयोग नाही, बाटल्या ऑल्फ्रिस्टनलाच भरून घ्या. हीथवर फुलपँट घाला, गवतात गोचीड असतात.

जेव्हिंग्टन हे बॅनॉफी पायचं, म्हणजे केळं आणि टॉफीच्या गोड पायचं जन्मगाव. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ती जिथे पहिल्यांदा बनली ते हॉटेल बंद झालंय, भिंतीवर निळी पाटी तेवढी आहे. इथून साउथ डाउन्स वे या लांब पल्ल्याच्या पायवाटेने विंडओव्हर हिलवर परत चढा. ओकच्या फळाची खूण दिसली की वाट बरोबर. टेकडी फक्त 214 मीटर. सिंहगड चढणाऱ्याला हसू येईल, पण वर वारा झोडपतो आणि ओल्या खडूवरून पाय असा सटकतो की चांगल्या ग्रिपचे बूट हवेतच.

याच टेकडीच्या उत्तर उतारावर 'लाँग मॅन' आहे, दोन्ही हातांत काठ्या घेतलेला सुमारे 70 मीटर उंच माणसाची उतारावर रेखलेली आकृती. वरून तो दिसत नाही, त्यामुळे कडेला वाकून बघत बसू नका, खाली विल्मिंग्टनच्या वाटेला लागा. लोक त्याला प्राचीन समजत आले, पण 2003 च्या उत्खननातून तो सोळाव्या-सतराव्या शतकातला असावा असं दिसलं. आजची पांढरी रेघ तर काँक्रीटच्या ठोकळ्यांची आहे. महायुद्धात शत्रूच्या विमानांना खूण पटू नये म्हणून त्याला हिरवा रंग फासला होता.

विल्मिंग्टनच्या चर्चच्या आवारातला टेकू दिलेला जुनाट यू वृक्ष बघून पुन्हा ए 27 ओलांडा आणि स्टेशन गाठा. नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा, क्रमांक ओएल 25. हिवाळ्यात चारलाच अंधारायला लागतं, तेव्हा सकाळी नऊच्या आत चालायला सुरुवात करा. बेरविकला गाड्या मोजक्याच थांबतात, विशेषतः रविवारी, म्हणून परतीची वेळ निघण्यापूर्वीच बघून ठेवा.