ढोल्या गणपतीचा घाट आणि माझा आखडलेला हात

मी वाईची, त्यामुळे लँडस्केपमध्ये मला फायदा होणार असं कॉलेजात सगळ्यांना वाटायचं, मलाही. कुठकुठले आर्ट स्टुडंट गाड्या करून ढोल्या गणपतीच्या ज्या घाटावर येतात तो आमच्या घरापासून चालत जाण्याएवढा, अजून काय पाहिजे. झालं उलटंच. घाट इतका पाठ की पेन्सिल टेकवली की हात सगळं सांगतच सुटायचा, प्रत्येक पायरी, काशीविश्वेश्वराच्या दीपमाळेचा एकेक हात, दिसत नसला तरी काढायचा कारण तिथे आहे हे माहितीय ना! ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत तर विचारूच नका. १७६२ साली रास्ते सरदारांनी देऊळ बांधताना ती माशासारखी निमुळती केली, पुराचं पाणी तिथे दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. लहानपणापासून ऐकलेलं हे, मग ती निमुळती बाजू दिसावी म्हणून मी पर्स्पेक्टिव्ह पण वाकवायचे.

सरांनी एकदा चित्र लांब धरून बघितलं आणि म्हणाले, "अगं, हा नकाशा झाला. ऊन कुठंय यात?"

मग त्यांनी पेन्सिल आणि झिरो नंबरचे, म्हणजे अगदी बारीक, ब्रश घरी ठेवायला लावले. जलरंग, एक मोठा चपटा ब्रश, क्वार्टर शीट म्हणजे पाव कागद, मोबाइलवर वीस मिनिटांचा टायमर. सुरुवातीची चित्रं म्हणजे नुसता चिखल, पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, अर्धवट वाळला असताना त्यात परत ब्रश घातला की मागे पाणी पसरून डाग येणारच, आणि मला हात आवरायचा नाही. ते सोडून देऊ.

खरं सुटलं ते सावलीमुळे. सकाळी ऊन एका बाजूने आलं की डोळे बारीक करून बघायचं, तसं बघितलं की देऊळ, पायऱ्या, झाड असं वेगळं काही उरतच नाही, शिखराची काळी बाजू खाली मंडपाच्या सावलीत मिसळते, ती पायऱ्यांवरून उतरते आणि थेट कृष्णेतल्या प्रतिबिंबात जाते, सगळा मिळून एकच आकार. तो एका दमात भरायचा. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, हे दोन रंग पॅलेटमध्ये घोटायचे नाहीत, शेजारी शेजारी कागदावर सोडायचे आणि बोर्ड थोडा तिरका धरायचा, ते खाली ओघळत आपापसात मिसळतात. जाड दाण्याच्या कागदावर अल्ट्रामरीनचे कण खळग्यांत बसतात आणि वाळल्यावर पायऱ्यांचा काळा दगड आपोआप खरखरीत दिसतो, मी ज्याच्यासाठी तासन्‌तास ठिपके देत बसायचे ते! उन्हाची बाजू म्हणजे कोरा कागद, तिथे काहीच करायचं नाही. (हे सगळ्यात अवघड. रिकामी जागा दिसली की माझा ब्रश तिकडे वळतोच.)

धुणं आपटणाऱ्या बायकांना आता एक लाल ठिपका आणि खाली तुटकसं प्रतिबिंब, बास. मागे उभा राहून बघणाऱ्या एका पोराने विचारलं, "ताई, पायऱ्या कधी काढणार?" म्हटलं काढून झाल्या. त्याला काही पटलं नाही. आईलाही पटत नाही, तिला माझी जुनी, रेघा मोजून काढलेलीच आवडतात आणि हॉलमध्ये तेच लावलंय.

मला स्वतःला वाटतं की ओळखीच्या जागेला टायमर हवाच, अनोळखी गावात माहितीच कमी असते त्यामुळे हात आपसूक मोकळा राहतो. वाईजवळच्याच मेणवलीला गेले होते तेव्हा हे जाणवलं, तिथला घाट मला एवढा पाठ नाही.

पेन्सिल परत आलीय आता, पण चित्र वाळल्यावर, तेही दोनचार रेघांपुरती. दीपमाळ अजूनही घट्टच येते, तिथे पोचलं की हात आखडतो म्हणजे आखडतोच. पावसाळ्यात पाणी पायऱ्या चढून वर आलं की अर्धा घाट नदीच झाकून टाकते, तेव्हा परत बसणारे, ओला कागद वाळणार कसा ते तेव्हा बघू.