पाणी पिणारा डोंगर

गडावर पोचलं की आधी टाकं शोधायचं, ही सह्याद्रीने लावलेली खोड. आपला काळा कातळ पाणी धरून ठेवतो. भर मे महिन्यातसुद्धा खोदीव टाक्याच्या तळाशी हिरवट, गारेगार काहीतरी असतंच. चुनखडीशी माझी ओळख पानाच्या डबीपुरती, फार तर गडावरच्या चुन्याच्या घाणीपुरती. अख्खे डोंगर तिचे असतात, हे पायांना कळलं ते मॅलमला.

मॅलम हे इंग्लंडमधल्या यॉर्कशरमधलं चिमुकलं खेडं. लीड्सला राहणाऱ्या भाचीने रविवारी गाडीत घालून नेलं. रानातून नुसते दगडावर दगड रचलेले बांध, थेट आपल्या कोकणातले गडगे! फक्त पलीकडे आंब्याऐवजी मेंढ्या.

गावापासून थोडं चाललं की मॅलम कोव्ह. सुमारे ८० मीटर उंचीचा, सुपासारखा आत वळलेला कडा. कोकणकड्याला कोणी पांढरा हात मारावा तसा. त्यावर दोराला लोंबकळणारी पोरं होती. आम्ही मुकाट्याने बाजूच्या चारएकशे पायऱ्या धरल्या. प्रत्येक पायरीला गुडघे आपलं मत नोंदवत होते.

वर फरसबंद पठार. फरशी घालून गवंडी सांधे भरायलाच विसरला असावा! हिमयुगात बर्फाने माथा खरवडला आणि किंचित आम्लयुक्त पावसाने भेगा विरघळवत रुंद केल्या. गुडघाभर खोल फटींत, मेंढ्यांची तोंडं पोचणार नाहीत अशा बेताने, जिभेसारख्या लांब पानांचे नेचे वाढलेले.

बाटली संपली. सवयीने विचारलं, "अगं, इथे टाकं-बिकं?"

"मामा, हा दगडच पाणी पितो."

मग तिने मला आणखी वर नेलं. मॅलम टार्न हे तळं तिथे टिकलंय, कारण त्याच्या बुडाशी पाणी न झिरपणारा पाटीचा दगड आहे. त्यातून निघालेला ओढा थोडा वाहतो आणि चुनखडी लागली की गोट्यांत शिरून बेपत्ता. आवाज नाही, डोह नाही. मला तर ओढ्याने फसवल्यासारखंच वाटलं.

कड्याच्या पायथ्याशी एक झरा निघतो. हेच पाणी ते, असं कोणालाही वाटेल. पण पाण्यात रंग सोडून पाहिलं तेव्हा वरचं पाणी गावाच्याही खाली, एअर हेडच्या झऱ्यांत निघालं. पायथ्याचं पाणी येतं ते मुख्यतः दुसरीकडून. डिसेंबर २०१५च्या वादळात मात्र डोंगराला एवढं पिववेना, आणि एरवी कोरड्या कड्यावरून चक्क धबधबा कोसळला.

संध्याकाळी लीड्समध्ये पुलावरून चालत होतो. खाली रुंद, गढूळ नदी.

"ही कोणती?"

"एअर. दुपारी गोट्यांत गेली ना, ती."

मी कठड्याशी थांबलो. भाची दोनदा म्हणाली, "मामा, चल ना, थंडी वाजतेय."