सोवळ्यातली हवा

हवा मोजायला कुणी इतक्या लांब का जावं, हे मला आधी कळायचंच नाही, हवा काय सगळीकडे आहेच की. पण उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या बेटांवरल्या नी-ऑलेसुंडबद्दल वाचत गेलो आणि मग वाचतच गेलो. जवळजवळ ७९ अंश उत्तरेला, मुळात कोळशाच्या खाणीचं गाव, १९६२ च्या अपघातात २१ माणसं गेली आणि खाण बंद झाली, मग हळूहळू संशोधक येऊन राहिले. आपलं, म्हणजे भारताचं संशोधन केंद्र 'हिमाद्री' पण २००८ पासून तिथेच. कोळसा उपसायच्या गावात बसून कार्बन डायऑक्साइड मोजतात, याची मला उगाचच मजा वाटते.

गावाला लागून झेपेलिन डोंगर आहे, त्याच्यावर साधारण ४७५ मीटर उंचीवर वेधशाळा. खाली गावाची वीज डिझेलवर, म्हणजे धूर आलाच, पण थंड जड हवा खालीच बसून राहते त्यामुळे तो बहुतेक वेळा वर पोचत नाही. वर जायचं ते केबल कारने. एवढी सोवळ्यात ठेवलेली हवा, आणि तिच्यात सापडतं काय तर हिवाळा संपता संपता युरोप-रशियाकडून वाहत आलेली काजळी आणि सल्फेट! त्या दिवसांत तिकडे हवा ढवळली जात नाही, पाऊस-बर्फ पण कमी, त्यामुळे धुरकं धुऊन निघतच नाही. कित्येक देशांनी कधीच बंद केलेल्या डीडीटीसारख्या कीटकनाशकांचे अंश पण वर सापडतात. आजूबाजूला शेत नाही की पीक नाही.

आणि या यंत्रांपायी माणसांनी किती काय सोडायचं! तिथे क्वेसारचे, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांच्या झगझगीत केंद्रांचे, रेडिओ सिग्नल ऐकणारे अँटेना आहेत, म्हणून वायफाय बंद, ब्लूटूथ बंद, फोन फ्लाइट मोडवर. जेवायला सगळे एकाच मेसमध्ये, हिवाळ्यात तीस-पस्तीसच टाळकी, मग बोलण्यावाचून करणार काय? (मला तर हे ऐकूनच हेवा वाटला, पण आठवडाभरात मीच चिडचिड केली असती.) घरात शिरताना बूट बाहेर, ही सवय खाणीच्या काळातली, कोळशाची धूळ आत नको म्हणून. दारं मात्र कुलूप न लावता ठेवायची, कारण पांढरं अस्वल आलं तर माणसाला समोर दिसेल त्या घरात घुसता यायला हवं. गावाबाहेर जायचं तर बंदूक हवीच.

रोज एक फुगा सोडतात, खाली छोटासा डबा बांधलेला, तापमान, आर्द्रता, दाब, वारा सगळं रेडिओवरून खाली कळवत वर जातो. जगभरातली हवामान केंद्रं ठरलेल्या वेळी जवळपास एकदमच असे फुगे सोडतात, ही गोष्ट मला त्या फुग्याहून भारी वाटते. वर हवा विरळ होत जाते तसा तो फुगत जातो आणि तीसेक किलोमीटरवर फटकन फुटतो. ऑक्टोबरअखेर सूर्य मावळला की फेब्रुवारीपर्यंत दिसत नाही, फुग्याला मात्र तेव्हाही सुट्टी नसते.