तुम्ही विचारलंत म्हणून: दिवसभर गेमच खेळतेस ना?

कर्वे रोडवरचं कार्यालय असो नाहीतर घरची सत्यनारायणाची पूजा, जिलबी पानात पडायच्या आत हा प्रश्न येतोच. मी गेम बनवते; बारा वर्षं हा प्रश्न हसण्यावारी नेला. परवा नणंदेच्या सासूबाईंनी विचारलं, "खेळायचे पैसे देतात होय?" आणि माझी भूकच गेली.

हो, खेळते. पण एकच उडी, दिवसातून दोनशे वेळा.

तीन वर्षांपूर्वी आम्ही चौघं एक गेम करत होतो. वाड्यांच्या कौलांवरून पळणारी मुलगी, बस. तिची उडी माझ्याकडे होती. शाळेत शिकलेलं गुरुत्वाकर्षण जसंच्या तसं घातलं तर ती फुग्यासारखी तरंगते, म्हणून खाली येताना ते वाढवायचं. बटण लवकर सोडलं तर उडी आखूड. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्सपासून हे चालत आलंय, मी काही शोध लावला नाही.

उडी जमली म्हणून खालच्या मजल्यावरच्या दहा वर्षांच्या मुलाला खेळायला बोलावलं. अशा वेळी मागे बसून गप्प राहायचं असतं. दोन वाड्यांमधल्या एका बोळावर तो चौदा वेळा पडला. "मी दाबलं होतं!" दर वेळी हेच. माझ्याकडे नोंद होती: पाय कौलावरून सुटल्यावर चार फ्रेम उशिरा दाबत होता. फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र; सेकंदाला साठ, म्हणजे चार फ्रेम हा सेकंदाचा पंधरावा भाग. मी बरोबर होते, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलंही. नियम म्हणजे नियम. पंधराव्यांदा पडल्यावर त्याने फोन सोफ्यावर पालथा ठेवला, हात चड्डीला पुसले आणि म्हणाला, "छान आहे, काकू." लाडूही न घेता गेला.

पुण्याच्या पोराने "छान आहे" म्हटलं की काय समजायचं ते तुम्हाला सांगायला नको.

त्या रात्री मी सहा फ्रेमची सवलत घातली. पाय सुटल्यावरही सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत उडी मान्य. जुनीच युक्ती आहे, कोयोटी टाइम म्हणतात. कार्टूनमधला तो कोयोटी कड्यापलीकडे पळत जातो आणि खाली बघेपर्यंत पडत नाही, त्यावरून. पुढच्या रविवारी पोरगा तिसऱ्या खेपेला बोळ ओलांडून सोफ्यावर उभाच राहिला. "बघा, मला यायला लागलं!"

मी काही बोलले नाही. तो पडत होता तेव्हाची मी भांडली असती: ही फसवणूक आहे, त्याला काहीही आलेलं नाही. पण पहिल्या वेळी त्याच्या बोटाला जे वाटत होतं ते खोटं होतं का? त्याने दाबलं होतंच की. स्पेस इन्व्हेडर्स या जुन्या गेममध्ये शत्रू कमी होतील तसे जोरात येतात, ते मुळात १९७८ च्या त्या मशीनला कमी चित्रं काढावी लागत म्हणून. तो गेम बनवणाऱ्या निशिकादोंनी ते तसंच ठेवलं. मजा कुठून येईल याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

हे सगळं मी नणंदेच्या सासूबाईंना सांगितलं, बोळासकट. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "नातू आमचा जेवतानाही फोन ठेवत नाही. ते तुझंच का?"

नाही हो, म्हणाले. आमच्या त्या गेममध्ये जाहिराती नव्हत्या, रोजचं बक्षीस नव्हतं. हे मी जरा घाईने म्हणाले. कारण त्याआधीच्या नोकरीत सात दिवसांची साखळी मीच लिहिली होती: रोज या, सातव्या दिवशी पेटी उघडेल, एक दिवस चुकलात की पुन्हा पहिल्यापासून. ती नोकरी तत्त्वासाठी सोडली असं मी सांगते. खरं म्हणजे टीमच बंद झाली. गेम मात्र अजून चालू आहे.

नातवाच्या फोनवर कोणता गेम आहे, हे मी विचारलं नाही.