तुम्ही विचारलंत म्हणून: यातली शिवकालीन कुठली?

आमच्या गिरगावच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस भिंतीवरच्या तलवारी बघतो, एखादी हातात घेऊन तोलतो आणि हमखास विचारतो, "यातली शिवकालीन कुठली?"

छातीवर हात ठेवून सांगता येईल, अशी एकही नाही. चेहरे पडतात, पण इलाज नाही.

तलवार जुनी आहे की परवा बनवलेली, हे बऱ्यापैकी कळतं. मूठ आणि पातं जुळतं तिथे आधी बघायचं. आपल्याकडे पात्याचं निमुळतं शेपूट मुठीच्या पोकळीत लाख-राळ तापवून बसवत. तिथे वेल्डिंग दिसलं, तर नमस्कार करून पुढे निघायचं. जुना गंज काळपट असतो, पोलादाला घट्ट धरून बसतो. अ‍ॅसिड लावून आणलेला नारिंगी गंज बोटाला लागतो. चोरबाजारात मटण स्ट्रीटवर असल्या तलवारींबरोबर "सरदार घराने की चीज है, सेठ" ही गोष्ट फुकट मिळते.

पण जुनी म्हणजे नक्की किती जुनी? घोडं इथे अडतं. मूठ मोडली की चांगल्या पात्याला दुसरी चढवत. फिरंग नावाच्या तलवारीचं तर पातंच युरोपातून आलेलं आणि मूठ इथली. म्हणजे एकाच तलवारीत दोन मुलुख आणि कधीकधी दोन शतकं. नाव कोरलेलं असेल तर गोष्ट वेगळी. २०२५ मध्ये राज्य सरकारने लंडनच्या लिलावात घेतलेल्या नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या तलवारीवर "श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग" असं सोन्याने लिहिलंय. तिला वेगळा दाखला लागत नाही. आमच्यासारख्यांच्या हाती येतात त्या बहुतेक बिननावाच्या.

नावाचंच म्हणाल, तर माझी सगळ्यांत लाडकी वस्तू तलवार नाहीच. पहिल्या महायुद्धाचं चांदीचं पदक आहे. एका बाजूला पंचम जॉर्ज. वरची पट्टी कुणीतरी उखडून काढलीय, बहुधा आटवायच्या तयारीत. मलाही ते चांदीच्या वजनानेच मिळालं. भिंग घेऊन कड फिरवली की बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण वाचता येते: ११० मराठा लाइट इन्फन्ट्री. ही पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकली होती. एप्रिल १९१६ मध्ये तिथल्या इंग्रजी फौजेने शरणागती पत्करली. हा गडी तेव्हा तिथे होता का, ते पदकावरून कळत नाही, पण शोधायला धागा तरी आहे. त्याची चौकशी मात्र अजून एकाही पाहुण्याने केलेली नाही.

(परवान्याचंही विचारतात. ते पोलीस ठाण्यातच विचारा. शंभर वर्षांवरची वस्तू मात्र परदेशातल्या भाच्याला पाठवता येणार नाही, १९७२ चा पुरावस्तू कायदा आड येतो.)

तुमच्या घरी माळ्यावर एखादी असेल, तर खंडेनवमीला चिंच आणि पॉलिश पेपर घेऊन तिच्या मागे लागू नका. चकाकीच्या नादात मुठीवरची कोफ्तगरी (सोन्याचांदीच्या तारेची नक्षी), पात्यावरची बारीक खूण, असेल नसेल ते सगळं घासून जातं. हळदकुंकू, झेंडू जरूर वाहा. संध्याकाळी ते कोरड्या फडक्याने पुसा, मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा आणि म्यानाबाहेर ठेवा. मुंबईच्या हवेत म्यानातलं चामडं ओल धरतं.