दवातलं दूध

गुजरातच्या किनाऱ्यावरच्या उदवाड्याला आम्ही अग्यारीसाठी गेलो नव्हतो. इराणशा म्हणजे तिथला पारशांचा पवित्र अग्नी; पारशी नसलेल्यांना त्याच्या मंदिरात जाता येत नाही, आणि मला त्यात काही वावगंही वाटत नाही. आई आणि मी गेलो ते एक रात्र राहायला. आईचे वडील गायकवाडांच्या राज्यात नवसारीला नोकरीला होते. तिथून ते उदवाड्याला जाऊन एका पारशी हॉटेलात उतरायचे. तिथलं दूध खाता येतं, असं ते सांगायचे. मुलांनी दूध प्यावं म्हणून रचलेली गोष्ट असेल, असं आईला आजवर वाटत होतं.

बडोद्याहून आमची गाडी उदवाड्याला थांबत नव्हती, म्हणून वापीला उतरून रिक्षा केली.

काही धर्मशाळा फक्त पारशांसाठी आहेत. आम्हाला जागा मिळाली ती ओटा, उंच पलंग आणि वेताच्या आरामखुर्च्या असलेल्या जुन्या हॉटेलात. दुपारी जेवणघर भरलेलं होतं. आम्ही सीकेपी, तेव्हा तळलेल्या बोई माशाचं कौतुक आम्हाला शिकवावं लागत नाही; तरी आईनं दोनदा मागून घेतली. चार वाजता मात्र सगळ्या गाड्या मुंबईच्या रस्त्याला लागल्या आणि मुक्कामाला उरलो आम्ही दोघी.

हॉटेल सांभाळणाऱ्या आंटी ओट्यावर येऊन बसल्या. पूर्वी माणसं पेट्या, गाद्या घेऊन आठ-आठ दिवस यायची, म्हणाल्या. आता हायवे चांगला झालाय, सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाता येतं. ज्या रस्त्याला आपण सोय म्हणतो, त्यानं या गावाची रात्र नेली, आणि मला ते फार लागलं. संजाणहून निघालेला हा अग्नी बाहरोटच्या डोंगरात, वांसद्यात, मग कितीतरी वर्षं नवसारीत राहून १७४२ साली इथे आला. त्याच्या दर्शनाला येणाऱ्यांनी कुठेतरी पाठ टेकायला हवी, म्हणून तर गावात एवढ्या धर्मशाळा आणि हॉटेलं उभी राहिली. आणि आता आंटी रोज चादरी झटकतात त्या रिकाम्या पलंगांवरच्या.

आजोबांच्या दुधाचं आईनं भीतभीतच विचारलं. आंटी काही बोलल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "डीकरी, वहेली सूई जा." पोरी, लवकर झोप.

पहाटे पाचला दारावर थाप पडली. जानेवारीची थंडी, समुद्राची गाज, मागच्या अंगणात मलमलनं झाकलेलं पातेलं. साखर घालून आटवलेलं दूध रात्रभर दवात ठेवलेलं होतं. आंटी रवीनं ते घुसळत होत्या आणि वर येणारा फेस चमच्यानं अलगद ग्लासात भरत होत्या. वर जायफळ. 'दूध ना पफ'. ऊन चढलं की फेस बसतो. दुपारी जेवायला येणाऱ्याला तो मिळायचा नाही. दव पडतं रात्री, त्यासाठी इथे झोपावंच लागतं.

आईनं चमच्यानं पहिला घास घेतला आणि पदर डोळ्यांना लावला. दूध खरंच खाता येत होतं.

"तारा बापूजी कई रूममां ऊतरता?" तुझे वडील कुठल्या खोलीत उतरायचे, आंटींनी विचारलं. आईला ते माहीत नव्हतं. मग आंटींनी किल्ल्यांचा जुडगा आणला आणि आम्हाला एकेक करून सगळ्या खोल्या उघडून दाखवल्या.