गाडीच्या बुकिंगचे पैसे परत काढताना

आमच्या दाजींनी ऑगस्ट २०२५ मध्ये गाडी बुक केली होती, २१ हजार भरून, दसऱ्याला गाडी दारात पाहिजे ह्या एकाच अटीवर. सेल्सवाला पोरगा म्हणाला "सर टेन्शनच घेऊ नका". मग ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलने छोट्या गाड्यांवरचा टॅक्स २८ टक्के प्लस सेसवरून १८ वर आणला, लागू २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमकी घटस्थापना, आणि त्याआधी पितृपक्ष, त्यात तसंही कोण गाडी उचलतंय, त्यामुळे सगळी जनता एकाच वेळी शोरूमवर तुटून पडली आणि दाजींची गाडी गेली जानेवारीवर. टॉप मॉडेल घेतलं तर लगेच देतो म्हणे, यार्डात उभी आहे, फक्त ॲक्सेसरीजचा पॅक आधीच बसवलेला आहे. सीट कव्हर, मॅट, मडफ्लॅप आणि बिल बघून चक्कर यावी. दाजी म्हणाले नको बाबा, माझे पैसे द्या.

इथून खरी गंमत. "हो सर, प्रोसेसला टाकलंय", "सर अकाउंट्सवाले सुट्टीवर आहेत", "सर मॅनेजरची सही राहिलीय". पोरगा इतका गोड बोलायचा की दाजी फोन ठेवताना त्यालाच थँक्यू म्हणायचे. त्या पोराचाही फार दोष नाही म्हणा, बुकिंग कॅन्सल झालं की त्याचा आकडा कमी होतो, महिनाअखेरीला तर तो कॅन्सलेशन पुढे ढकलणारच, आणि मुळात पैसे सोडणं त्याच्या हातात नसतंच, ते अकाउंट्सच्या हातात, आणि अकाउंट्सला कागद लागतो. फोनवर कितीही भांडा, कागद गेला नसेल तर त्यांच्या लेखी तुमचं बुकिंग अजून चालूच आहे.

मग ताईने मला कामाला लावलं. आधी पावती बघितली, पैसे नक्की कुणाच्या खात्यात गेलेत ते. कंपनीच्या वेबसाइटवरून बुक केलं असेल तर परत करायचं काम कंपनीचं, पण दाजींनी शोरूममध्ये क्यूआर स्कॅन केलेला, म्हणजे पैसे डीलरकडे. हे माहीत नसलं की दोघं मिळून तुमचा फुटबॉल करतात.

बुकिंग फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं की डिलिव्हरीची तारीख अंदाजे आहे, स्टॉकप्रमाणे बदलू शकते वगैरे. पण पुढच्या बाजूला त्याच पोराने निळ्या पेनाने "दसरा डिलिव्हरी कन्फर्म" लिहून खाली सही ठोकलेली! त्याचा फोटो काढून मेलला जोडला, सोबत पावती, कॅन्सल्ड चेक, पॅनची झेरॉक्स, आणि मेल सेल्स मॅनेजर, शोरूमचा जीएम म्हणजे जनरल मॅनेजर आणि कंपनीचं कस्टमर केअर अशा तिघांना एकत्र. कंपनी नेहमीप्रमाणे म्हणाली की डीलर स्वतंत्र आहे, आमचा संबंध नाही, पण त्यांचा एक मेल डीलरला गेला की तिकडे हालचाल होते हे नक्की.

तरीही ढिम्म राहिले म्हणून १९१५ ला फोन केला, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, तक्रारीचा डॉकेट नंबर मिळतो. हेल्पलाइन कुणाला आदेश देऊ शकत नाही, नुसता पाठपुरावा करते, पण तो नंबर टाकून पुढचा मेल केला आणि त्यात लिहिलं की आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. ती पोकळ धमकी नव्हती बरं का, भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन करता येते आणि २०१९ च्या कायद्यापासून आपण राहतो त्या जिल्ह्यात केस टाकता येते, शोरूम कुठेही असो.

त्यानंतर थेट जीएमचा फोन. "अहो साहेब, एवढ्यासाठी कशाला..." आणि मग हळूच, २ हजार कॅन्सलेशन चार्ज कापावे लागतील. दाजी, जे हॉटेलात चुकीचं बिल आलं तरी मुकाट भरतात, ते म्हणाले "फॉर्मवर कुठे लिहिलंय ते दाखवा". नव्हतंच लिहिलेलं. पूर्ण २१ हजार आले, यूटीआर म्हणजे बँकेच्या व्यवहाराच्या नंबरसकट. ताईचं म्हणणं आता गाडी राहू दे, आधी फ्रीज बदलू.